पणजोबांच्या पलीकडे



श्राद्धाला बसलेल्या यजमानास उपाध्याय तीन नावे विचारतात : पित्याचे, पितामहाचे आणि प्रपितामहाचे. वसु, रुद्र आणि आदित्य या तीन रूपांनी त्यांचे स्मरण होते. आई, आजी आणि पणजी यांचीही तीन नावे तशीच घेतली जातात. चौथ्या पिढीचे नाव घेण्याचा प्रसंग सहसा येत नाही, आणि जे नाव घ्यावे लागत नाही ते हळूहळू विसरले जाते. आपल्याकडील बहुतेक कुटुंबांची आठवण म्हणूनच पणजोबांपाशी येऊन थांबते. त्यापलीकडे अंधार, आणि त्या अंधारात एखादा पुरुष अर्धवट दिसतो. कोणी म्हणते, 'ते सत्तावन्नच्या धामधुमीत गेले'. कोणी म्हणते, 'काशीयात्रेला निघाले ते परतलेच नाहीत'. कोणाच्या घरी त्यांची तलवार असल्याचे सांगतात, परंतु ती कोणी पाहिलेली नसते.

अशा हरवलेल्या पूर्वजाचा माग कसा काढावा, याचा आज थोडा विचार करू. नुसते नियम सांगण्यापेक्षा एका खऱ्या पुरुषाच्या उदाहरणाने ते सांगितलेले बरे. यासाठी नाशिक जिल्ह्यातील येवले गावच्या एका कुलपुरुषाइतके योग्य उदाहरण दुसरे मिळणार नाही. ते म्हणजे सत्तावन्नच्या संग्रामातील सेनानी तात्या टोपे. त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे, तरीही त्यांचे जन्मवर्ष अंदाजाचे आहे, आडनावाच्या उपपत्तीविषयी मतभेद आहेत आणि मृत्यूविषयी तर दोन परंपरा एकमेकींसमोर उभ्या आहेत. एवढ्या प्रसिद्ध पुरुषाची ही स्थिती, तर आपल्या खापरपणजोबांची काय कथा !

पहिली अडचण नावाची. 'तात्या' हे घरातले हाक मारण्याचे नाव; पाळण्यातले नाव रामचंद्र आणि वडिलांचे पांडुरंग. म्हणजे जुन्या कागदात आपण 'तात्या' शोधीत बसलो, तर 'रामचंद्र पांडुरंग' डोळ्यांखालून निघून जाईल. आपल्या घरांतील नाना, अण्णा, भाऊ, दादा, बापू यांचीही हीच गोष्ट. आडनावाचे तर त्याहून कठीण. एकोणिसाव्या शतकात एकच मनुष्य गावावरून येवलेकर, वृत्तीवरून भट किंवा जोशी, आणि हुद्द्यावरून किंवा एखाद्या प्रसंगावरून आणखी काही म्हणविला जाई. 'टोपे' या नावाविषयी एक परंपरा सांगते की दुसऱ्या बाजीरावाने प्रसन्न होऊन रत्नजडित टोपी दिली; दुसरी सांगते की तोफखान्याच्या चाकरीमुळे हे नाव पडले. इंग्रजांच्या कागदांत ते 'तांतिया टोपी' होऊन बसले. तेव्हा शोधाला आरंभ करण्यापूर्वी एका कागदावर त्या पुरुषाची सर्व संभाव्य नावे लिहावीत : जन्मनाव, हाकेचे नाव, वडिलांचे नाव, गावावरून पडलेले नाव, वृत्तीवरून पडलेले नाव. घरात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असेल, तर एकच नाव एकाआड एक पिढीत येते आणि आजोबांचा पराक्रम नातवाच्या खात्यावर जमा होतो. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबू नये. नाव, पित्याचे नाव आणि गाव ही तिन्ही जुळली म्हणजेच ओळख पटली असे समजावे.

दुसरी अडचण स्थळाची. १० एप्रिल १८५९ रोजी कैदेत असताना तात्यांनी दिलेला म्हणून जो जबाब इंग्रजी ग्रंथांत छापला आहे, त्यात वडिलांचे नाव पांडुरंग असून ते मूळचे नगर जिल्ह्यातील पाटोदा परगण्याचे, आणि आपण स्वतः बिठूरचे रहिवासी, असा मजकूर आहे. गावाचे नाव इंग्रजी लेखनात 'जोला' असे झाले आहे. हे वाचून कोणी अहमदनगरच्या दप्तरात व नकाशात 'जोला' शोधू लागला, तर त्याची दिशाभूल होईल. हे 'जोला' म्हणजे येवला. इंग्रजी कानाने ऐकलेला 'ये' लिहिताना 'जो' झाला. आणि 'जिल्हा नगर' हेही चूक नव्हे. कारण स्वतंत्र नाशिक जिल्हा १८६९ साली झाला, तत्पूर्वी येवले नगरकडेच होते. यावरून घ्यावयाचा धडा असा की पूर्वजांचे गाव आज कोणत्या जिल्ह्यात आहे हे न पाहता, त्यांच्या हयातीत ते कोणत्या परगण्यात, कोणत्या जिल्ह्यात किंवा कोणत्या संस्थानात होते हे आधी पाहावे.

त्याबरोबरच घराणे हलले केव्हा आणि का, हेही विचारावे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि बाजीराव आठ लक्षांचा तनखा घेऊन गंगातीरी बिठूरला गेले. त्यांच्यामागून दक्षिणेतील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली, त्यांत टोपे यांचेही घर होते. राज्य बदलले की आश्रित कुटुंबे हलतात. आपल्या घराण्यातील पुरुष जर एकाएकी ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, झांशी किंवा तंजावर येथे उगवला असेल, तर कोणत्या सरदाराच्या आश्रयाने तो तेथे गेला हे शोधले म्हणजे अर्धे काम होते.

तिसरी अडचण काळाची. त्याच जबाबात वय 'सुमारे ४५' असे दिले आहे. ४५ वजा केले की १८१४ येते, आणि हेच जन्मवर्ष सर्वत्र छापले जाते. वजाबाकी बरोबर आहे. परंतु मुळातला 'सुमारे' हा शब्द वाटेत गळून पडतो आणि अंदाजाचे निश्चित साल बनते. घरातील वंशावळीत जेव्हा एखादे साल ठाम लिहिलेले दिसेल, तेव्हा ते कशावरून आले हे अवश्य विचारावे.

जुन्या कागदांतील कालगणनाही जाणून घेतली पाहिजे. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९ मिळवले की इसवी सन येतो. दक्षिणेतील फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे. पेशवाईच्या पद्धतीच्या कागदांत अरबी सन येतो. त्याचे वर्ष मृगाला बदलते, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहीत, आणि त्यातही एकम आधी, सहस्र शेवटी. 'तिसा खमसैन मयातैन व अलफ' हे शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही : नऊ, पन्नास, दोनशे आणि हजार, म्हणजे १२५९, आणि इसवी सन १८५८ चा मृग ते १८५९ चा मृग. ग्वाल्हेर पडल्यानंतर तात्यांनी इंग्रज फौजांना चुकवीत जी दीर्घ दौड केली, ती जवळजवळ सबंध या एका वर्षात मावते. कागदावर संवत्सराचे नाव आणि वार दिलेला असेल तर तोही ताडून पाहावा. शके १७८१ या वर्षाला सिद्धार्थी संवत्सर आहे. कोणी शके १७८१ लिहून वेगळाच संवत्सर देईल, तर नक्कल करणाऱ्याचा हात कोठे तरी चुकला आहे असे समजावे.

आता साधनांकडे वळू. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील रहिवाशांच्या दाराशीच असलेले, आणि म्हणूनच कदाचित उपेक्षित राहिलेले साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांना नामावळी असेही म्हणतात. गोदावरीच्या स्नानासाठी, रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी किंवा श्राद्धासाठी आलेला यात्रेकरू आपल्या उपाध्यायाच्या वहीत आपले नाव, पित्याचे व आज्याचे नाव, भाऊ, मुले, मूळ गाव आणि आल्याची तिथी लिहून ठेवतो. पुढे त्याचा मुलगा किंवा नातू आला की त्याच घराण्याच्या पानावर नवी नोंद होते. शास्त्रीय वंशावळी तयार करण्याचा हेतू यात कोणाचाही नव्हता. आपला यजमान कोण हे सिद्ध करण्यासाठी उपाध्यायाने ठेवलेला हा हिशेब होय. परंतु हेतू व्यावहारिक असल्यामुळेच तो विश्वसनीय ठरतो. पराक्रम सांगण्यासाठी येथे कोणी लिहीत नाही. ही नोंद अमुक एका जातीपुरतीही नाही. सर्व जातींच्या यात्रेकरूंची नावे या वह्यांत येतात.

या वहीपर्यंत पोहोचावे कसे ? उपाध्यायाचा पहिला प्रश्न 'आडनाव काय ?' हा नसून बहुधा 'मूळ गाव कोणते ?' हा असतो, कारण यजमान गावांच्या व जातींच्या वाटणीने वाटलेले असतात. म्हणून मूळ गाव, जात किंवा पोटजात, आडनावाची जुनी रूपे आणि ठाऊक असलेल्या तीन पिढ्यांची नावे लिहून न्यावीत. बृहस्पती सिंह राशीत आला म्हणजे सुमारे १२ वर्षांनी सिंहस्थ येतो आणि त्या वर्षी दूरदूरची कुटुंबे नाशिकला येतात. तेव्हा पूर्वजांच्या हयातीतील सिंहस्थाची वर्षे आधी पाहण्याने श्रम वाचतात. नोंदी मोडीत असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी प्रचारात होती, परंतु आता ती वाचणारा सोबत न्यावा लागतो. आणि एक सावधगिरी : उपाध्यायांच्या घरी वाटण्या झाल्या की वह्यांच्याही वाटण्या किंवा नकला होतात. हाती आलेली वही मूळ हस्ताक्षराची की नक्कल, हे अक्षर व शाई पाहून ठरवावे. एकाच वहीत पन्नास वर्षांच्या नोंदी एका हाताच्या असतील तर ती नक्कल होय. या साधनाचे मोल परदेशीयांनीही ओळखले. अमेरिकेतील युटा येथील वंशावळी-संस्थेने हरद्वार वगैरे तीर्थांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेऊन ठेवली आहेत. दक्षिण महाराष्ट्र व बेळगावकडील कुटुंबांना आणखी एक साधन आहे : हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या यजमानांच्या वंशावळी ठेवतात व त्या दारी येऊन म्हणून दाखवितात.

दुसरे साधन सरकारी दप्तराचे. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने जुन्या इनामांची चौकशी केली, तेव्हा शेकडो कुटुंबांनी आपला हक्क सिद्ध करण्यासाठी कैफियती, सनदा आणि वंशावळी सादर केल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरात त्या काळचे विपुल कागद आहेत; १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. १९१० साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ येथेही घराण्यांचे कागद आहेत. परंतु कैफियत वाचताना एक गोष्ट विसरू नये : ती इनाम राखण्यासाठी लिहिली आहे. इनामाला उपयोगी पूर्वज तिच्यात ठळक होतो, अडचणीचा पूर्वज गळतो. सत्तावन्ननंतर ज्याचा मुलगा किंवा भाऊ बंडवाल्यांत सामील होता, त्या कुटुंबाने सरकारी कागदात त्याचे नाव कशाला घातले असते ? कित्येक पुरुष इतिहासातून हरवले नाहीत; घरच्यांनीच त्यांना भीतीने लपविले, आणि लपविणारे निवर्तल्यावर ते खरोखरच हरवले.

तिसरे साधन घरातील आख्यायिका. तिला हसू नये आणि तिच्यावर विसंबूही नये. तात्यांच्या अंताचीच गोष्ट घ्या. सरकारी कागदांप्रमाणे नरवरच्या मानसिंगाच्या विश्वासघाताने ७ एप्रिल १८५९ रोजी ते पकडले गेले, १५ एप्रिलला लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले आणि १८ एप्रिलला, सोमवारी, शिपरी म्हणजे आजच्या शिवपुरी येथे फाशी गेले. दुसरी परंपरा म्हणते की फाशी गेलेला पुरुष तात्या नव्हेच. टोपे घराण्यातील पराग टोपे यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या 'ऑपरेशन रेड लोटस' या इंग्रजी ग्रंथात असा पक्ष मांडला आहे की त्या वर्षीच्या जानेवारीच्या आरंभीच तात्या लढता लढता पडले. इतिहासग्रंथांत १८ एप्रिल हीच तारीख रूढ आहे. अशा वेळी आपण काय करावे ?

तीन प्रश्न विचारावेत. सांगणारा घटनेच्या किती जवळ होता ? तसे सांगण्यात त्याचे हित कोणते होते ? आणि त्याच्या म्हणण्याला स्वतंत्र दुजोरा आहे काय ? शिपरीचा निवाडा घटनेच्या अगदी जवळचा आहे. परंतु बंडखोरांचा सेनापती हाती लागला असे जाहीर करण्यात सरकारचे हित होते, हे खरे. उलट पूर्वज फाशी गेला नाही, रणात पडला, असे मानण्यात घराण्याचे मानसिक हित आहे, हेही तितकेच खरे. जबाबाचीही फोड करावी. आपण धन्याच्या, म्हणजे नानासाहेबांच्या, हुकमाप्रमाणे वागलो, हा बचाव आहे; तो बचाव म्हणूनच वाचावा. परंतु बापाचे नाव व मूळ गाव यांविषयी खोटे सांगून तात्यांना लाभ कोणता ? हा भाग अधिक विश्वासार्ह होय. फाशी गेलेला दुसरा कोणी असेल, तर त्याला पांडुरंगांचे नाव आणि येवल्याचा परगणा ठाऊक कसा, याचे उत्तर त्या पक्षाने दिले पाहिजे. तो जिवलग सहकारी होता असे म्हणता येईल. परंतु मग त्या सहकाऱ्याचे नाव व पुरावा देण्याचा भार त्यांच्याच शिरावर राहतो. आणखी एक : एकच गोष्ट दहा नातलगांनी सांगितली म्हणजे दहा साक्षी होत नाहीत. दहांनीही ती एकाच आजीकडून ऐकली असेल, तर साक्ष एकच.

लिहिलेल्या आठवणीलाही हीच कसोटी लावावी. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी सत्तावन्नचा प्रवास सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिला. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी 'माझा प्रवास' म्हणून तो छापला तेव्हा त्यात फेरफार झाले, आणि मूळ पोथीबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने १९६६ साली बाहेर आला. घरातील बखर हाती आली तर ती कोणी, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे पहिल्या पानावर नमूद करावे.

आता एका अशा साधनाकडे लक्ष वेधतो, की जे कागदावर नसून आचारात आहे. घरात कोणत्या तिथीला श्राद्ध होते ? ती तिथी म्हणजे मृत्यूची नोंदच होय. जानेवारीच्या आरंभी मृत्यू झाला असेल तर तिथी शके १७८० च्या मार्गशीर्ष वद्यातील येईल. १८ एप्रिल असेल तर शके १७८१ च्या चैत्रातील. इसवी सन एकच, परंतु शक दोन आणि महिने निराळे. अशा वादात तिथीची जुनी नोंद साक्षीदाराप्रमाणे बोलू शकते. महालयाचेही तसेच. शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीस करतात. ज्या घरात कारण न सांगता चतुर्दशी पाळतात, त्या घरात केव्हा तरी कोणी तरी घायाळ होऊन पडला आहे. अविधवा नवमीला ज्या सवाष्णीचे नाव घेतात ती पतीच्या आधी गेली. द्वादशी पाळत असतील तर पूर्वजांत संन्यासी झाला असावा. आणि तिथी ठाऊक नसून अमावास्या धरली असेल, तर तो पुरुष परगावी, घरच्यांच्या नजरेआड गेला असण्याचा संभव मोठा. परागंदा झालेल्याची बारा वर्षे वाट पाहून, मग दर्भाची किंवा पळसाच्या देठांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधी आपल्या धर्मशास्त्रात सांगितला आहे. ही बारा वर्षे घरातील बायकांनी कशी काढली असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

बायकांचा उल्लेख आला म्हणून सांगतो : खरे हरवलेले पूर्वज म्हणजे आपल्या पणज्या व खापरपणज्या. लग्नात नाव बदलले की माहेरची वंशावळ तिला सोडते आणि सासरची वंशावळ 'भार्या' एवढेच लिहून मोकळी होते. मातृत्रयीच्या संकल्पात, तीर्थाच्या वहीत, मुलाच्या पत्रिकेत, आणि कधी कधी जुन्या भांड्यावर घातलेल्या नावात ती सापडते. तिचे माहेरचे गाव सापडले, तर दुसऱ्या घराण्याच्या कागदांचे दार उघडते. आपल्या घरी जाळला गेलेला कागद व्याह्यांच्या घरी सुरक्षित असल्याचे अनेकदा आढळते.

हे सर्व करावयाचे ते कशासाठी ? पुष्कळांना पूर्वज हवा असतो तो मिरविण्यासाठी. त्यांना सरदार सापडतो, कारकून सापडला तरी ते त्याला सरदार करतात. परंतु जो पुरुष भयाने लपविला गेला, ज्याची तिथीही घराला ठाऊक नाही, त्याला त्याचे खरे नाव, खरे गाव आणि शक्य तर खरा दिवस परत देणे हे पुत्रपौत्रांचे ऋण आहे. ते ऋण खोट्या दागिन्यांनी फिटत नाही.

म्हणून शेवटी एवढीच विनंती. घरातील वडील मंडळी हयात आहेत तोवर एक वही करावी. दर नोंदीपुढे तीन खुणांपैकी एक घालावी : कागदावरून, आचारावरून, की ऐकीव. 'सुमारे' असेल तेथे 'सुमारे' हा शब्द कायम ठेवावा. दोन परंपरा असतील तर दोन्ही लिहाव्यात, आणि आपले मत त्यांखाली वेगळे लिहावे. मोडी कागद समजत नाहीत म्हणून बंबात घालू नयेत. आणि पुढच्या वेळी नाशिकला गेलात, तर रामकुंडावरून परतण्यापूर्वी उपाध्यायांची वही उघडून आपले पान पाहावे, आणि त्यावर आपल्या घरातील पुरुषांबरोबर स्त्रियांचीही पूर्ण नावे, माहेरच्या गावासह, स्वच्छ अक्षरात लिहून यावे.